कपाशीची उगवण आणि रोपांचा जोम

महोदय,

कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली असते. रोपाच्या जोमाविषयी, म्हणजे उगवल्यावर ते किती जोरात वाढेल याविषयी, मात्र एक अक्षरही नसते. धूळपेरणीनंतर, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत पेरल्यावर, पाऊस लांबला किंवा जमिनीवर पापडी धरली की विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याला नांग्या भरताना, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावताना, या दोहोंतील फरक चांगलाच कळतो. सरकीत, म्हणजे कपाशीच्या बियाण्यात, साठा मुख्यतः तेलाचा आणि प्रथिनांचा असतो. रुजताना लायपेज हे विकर (एन्झाइम) त्या तेलाचे विघटन करते आणि पुढे आयसोसायट्रेट लायेज व मॅलेट सिंथेज ही विकरे त्यापासून साखर तयार होण्याची वाट मोकळी करतात. पाने हिरवी होऊन स्वतः अन्न बनवू लागेपर्यंत रोपाची गुजराण याच साखरेवर होते. ही विकरे घडवणारी जनुके वाणावाणांत भिन्न असू शकतात. त्यातही अमेरिकन कपाशी चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच मिळून ५२ गुणसूत्रांची, असल्याने अनेक जनुकांच्या दोन-दोन आवृत्त्या एकाच रोपात नांदतात आणि आनुवंशिकतेचा हिशेब गुंतागुंतीचा होतो. शिवाय बियाण्याचे वय, साठवणुकीतील ओलावा आणि मातृझाडाचे पोषण यांचाही विकरांच्या क्रियाशीलतेवर परिणाम होतो. म्हणून एकाच हंगामात, एकाच शेतात घेतलेल्या बियाण्याची आणि उलटसुलट संकरांची (ज्यांत नर व मादी वाणांची अदलाबदल केलेली असते) तुलना केल्याशिवाय जोमाचे श्रेय जनुकांना देणे घाईचे ठरेल. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी वाणांच्या शिफारशीत बोंडांइतकेच पहिल्या पंधरवड्यातील रोपांचे मोजमापही प्रसिद्ध करावे, ही विनंती.

– एक वाचक, यवतमाळ