केंदाळ अजून उलटं फिरतंय

सदलगा,
३० जुलै

ती. आप्पा व ती. आईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर आप्पांना ऐकू येत नाही आणि इथं रेंज टिकत नाही, म्हणून सगळं लिहून ताईच्या मोबाईलवर पाठवतोय. तिनं सावकाश वाचून दाखवावं. आप्पा, तुमचा रोजचा प्रश्न एकच : पाऊस थांबून चार दिवस झाले, मग पाणी का उतरत नाही, आणि आम्ही कधी निघू? आधी उत्तर लिहितो. अजून आठ-दहा दिवस पुण्यातच राहा. का, ते पुढं.

पाणवठ्यावर उभं राहिलं की अर्धं तिथंच कळतं. वडाच्या खालच्या अंगाला काल सकाळी केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, एक बेट होतं, खाटेएवढं, त्यात एक निळी चप्पल आणि प्लास्टिकचा कॅन अडकलेला. संध्याकाळी तेच बेट वडाच्या वरच्या अंगाला, त्याच चपलेसकट. म्हणजे पाणी वाहत नाही, खालून वर दाबतंय. आवाज नाही, भोवरा नाही, तांबडा रंगही निवळत चाललाय, आणि तरी काठावर खोवलेली काटकी रात्रीत चार बोटं बुडाली. ही फूग. धारेचं पाणी आलं तसं जातं. फूग बसली की उठत नाही, हे तुम्हीच सांगत आलात.

टीव्हीवर "कोयनेचे दरवाजे उघडले", "राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले" असं दिसलं की तुमचा फोन येतो. आता हे नीट लावून घ्या. आपल्या दूधगंगेत वरून येणारं पाणी मुख्यतः दोन धरणांचं : काळम्मावाडीचं, म्हणजे सुमारे २५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) दूधगंगा धरण, आणि वेदगंगेवरचं पाटगाव, जेमतेम पावणेचार टीएमसीचं. शिवाय मधल्या मुलखात पडेल तो पाऊस. राधानगरी आपल्या नदीवर नाही. तिचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत, तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत. कोयनेचे १०५ टीएमसी आणि वारणेचे ३४ टीएमसी भरून सांडले की तेही कृष्णेतच. हे सगळं एकत्र होऊन शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून उतरतं आणि कल्लोळला, जिथं दूधगंगा कृष्णेला मिळते तिथं, आपल्या नदीसमोर भिंतीसारखं उभं राहतं. तेव्हा राधानगरी उघडली तर आपल्याला पाणी *येत* नाही, आपलं पाणी *जात* नाही. काठावरच्या घराला दोन्हीचा ताप सारखाच, पण वाट बघायचे दिवस वेगळे.

म्हणून ताईला सांगा, रोज सकाळी दोनच आकडे बघायचे : राजापूर बंधाऱ्यावरून जाणारा विसर्ग आणि दूधगंगेचा सदलग्याचा विसर्ग. दोन्हींची बेरीज म्हणजे कल्लोळची कृष्णा. सदलग्याचा आकडा वाढतोय आणि राजापूरचा कमी आहे, तर ते धारेचं पाणी, दोन दिवसांत ओसरेल. राजापूरचा चढाच आहे आणि सदलग्याचा घटतोय, तर फूग. आज दुसरा प्रकार आहे. क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाण्याचा, हिशोब सोपा : साडेअकरा हजार क्युसेकनं चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी झालं. धरणातून किती सोडणार आणि किती दिवस, हे त्यावरून घरबसल्या काढता येतं. आणि बातमीतले "पंचगंगा ३९ फूट, इशारा, ४३ फूट, धोका" हे कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे फूट आहेत. ते आपल्या वडाला लावू नका.

पारावर कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा वाद नेहमीसारखा रंगलाय. पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, साठा १२३ टीएमसी हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ झालेत. धरण खाली किती दूर, त्याची फूग वर कुठवर पोचते, यावर महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हीकडची तोंडं तापतात. वाद खोटा आहे असं नाही, पण ज्याला उद्या सकाळी गोठा हलवायचाय त्याच्या कामाचा आकडा राजापूरचाच.

पूल : कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, हे सखल पूल आणि बंधारे दरवर्षीप्रमाणं पाण्याखाली. बरगे, म्हणजे गाळ्यांत पाणी अडवणाऱ्या फळ्या, जूनमध्येच काढले होते. एका ठिकाणी मात्र खालच्या ओळीतले काही गंजून खाचेत बसलेले, ते राहिले ते राहिलेच. त्या गाळ्यांत ओंडके आणि केंदाळ तटलं आणि पाणी बाजूनं काठ खात गेलं. बंधारा मोडत नाही हो, बंधाऱ्याचा खांदा मोडतो, आणि तिथलंच रान वाहून जातं. बरगा काढला की खाच खरवडून वंगण लावायला दोन माणसांचं एक दिवसाचं काम. ते ऑक्टोबरात बरगे घालताना करायचं असतं. तेव्हा सगळ्यांना पाणी अडवायची घाई.

मोटर वर आणलीय. साडेसात एचपीची मोटर, फूट व्हॉल्व्ह, स्टार्टर, सगळं. आधी डीपीवरचे फ्यूज काढले, मग केबल सोडवली आणि टोकं वेगवेगळी टेप करून उंच बांधली. फ्लँजचे नटबोल्ट ऑइलच्या डब्यात टाकले, तुमच्याच पद्धतीनं, म्हणजे दसऱ्याला शोधाशोध नको. तिकाटण्याला चेन पुली लावून मोटर उचलली. सक्शनचा शेवटचा पाइप काढला नाही, तो दोरखंडानं आंब्याला बांधलाय. गाळात रुतला तर ओढून निघेल. स्टार्टरची पेटी २०१९ च्या पुराच्या रेघेच्या दोन फूट वर. ग्लँडची दोरी यंदा बदलावीच लागेल, कडक झालीय.

ज्यांच्या मोटारी बुडाल्या त्यांचं काय चुकतं ते दरसाल तेच. पाणी उतरलं, वरून कोरडी दिसली, की बटण दाबतात, आणि वाइंडिंग जळतं. आतला गाळ ओला असतो तो दिसत नाही. बुडालेली मोटर खोलून आधी स्वच्छ पाण्यानं धुवायची, बेरिंग काढून टाकायचीच, कारण त्यात रेती गेलेली असते, मग सावलीत आणि नंतर दोनशेचा बल्ब आत सोडून वाळवायची. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्यावर एक मेगओहमच्या वर दाखवलं तरच जोडायची. शेजारच्यांना हे सांगितलं; दोघांनी ऐकलं.

ऊस. आडसालीचा ८६०३२ जातीचा ऊस शेंडा वर ठेवून उभा आहे, त्याची काळजी नाही. खालच्या पट्टीतला खोडवा लहान, त्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गढूळ पाणी गेलंय. पोंग्यात गाळ बसला की वाढीचा डोळा कुजतो, मग कांड्यांवरून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात. ऊस हिरवा दिसतो पण वजन धरत नाही. पाणी उतरल्याबरोबर युरिया फेकायची घाई करणार नाही, आधी चरी काढून निचरा, वाफसा आला की मगच. पाच-सहा ठिकाणचे पोंगे ओढून बघणार : सहज उपटून आला आणि बुडाला वास मारला, तर तो गेला. सोयाबीन गेलंच. पंचनाम्याला पाणी असतानाचे आणि उतरल्यावरचे, दोन्ही फोटो काढून ठेवलेत, मोबाईलचं लोकेशन चालू करून. उताऱ्याची प्रत नाडकचेरीतून (इथल्या महसूल कार्यालयातून) आणलीय. आप्पांची सही लागली तर अर्ज ताईकडे पाठवतो.

आई, आता घराचं. पाणी परड्यापर्यंत येऊन थांबलं, उंबऱ्याला लागलं नाही. पण मागची पांढऱ्या मातीची भिंत खालून दीड हात ओली आहे, आणि तुम्हाला थांबवायचं खरं कारण हेच. अशा भिंती पुरात पडत नाहीत, पूर उतरल्यावर उन्हात पडतात. पाणी असतं तोवर दोन्ही बाजूनं दाब असतो; पाणी गेलं की आतली माती ओली, बाहेरची वाळून आकसलेली, आणि मग बुंधा सुटतो. आपल्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे, त्यानं ओल आत कोंडलीय. तो खालून दोन हात खरवडून काढला. दोन टेकू लावलेत, बुडाशी फळी घालून, नाहीतर ओल्या जमिनीत टेकूच रुततो. त्या भिंतीला लागून तुझी कॉट आहे, म्हणून तुला आत्ता इथं आणायचं नाही. कॉट पुढच्या सोप्यात हलवलीय. परड्यातल्या लाकडांच्या ढिगाला हात लावायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलंय; पुराबरोबर घोणस येते आणि कोरडी जागा धरून बसते.

संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी ठेवली होती. टाकी पाण्याखाली गेली की घाण उलटी वर येते, ती त्यानं थांबली.

आड मात्र बाटला, परड्याचं पाणी आत गेलं. आधी उपसून घेणार, एकदा नव्हे दोनदा. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. व्यास दोन मीटर, पाणी पाच मीटर : व्यासाचा वर्ग चार, गुणिले पाच, गुणिले ३.१४, भागिले चार, म्हणजे १५.७ घनमीटर, पंधरा हजार सातशे लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरलं तर चाळीस ग्रॅम होते, पण पुराचं पाणी गेलेलं असल्यानं दुप्पट, ऐंशी ग्रॅम. पावडर तशीच आत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, पाऊण बादली भरून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली आडात सोडून खालीवर हिसडायची. तळाचा चुना आडात टाकायचा नाही, त्यानं पाणी जड होतं. तासभर कुणी शेंदायचं नाही. पावडर ताजी हवी. उघड्या पोत्यातली, वास गेलेली, ती नुसती माती. पुरसभेतून (नगरपालिकेतून) आणली ती पहिल्यांदा तसलीच निघाली, परत करून बंद पिशवीतली घेतली. तरीही महिनाभर प्यायला उकळलेलंच.

गावात बाकी ठीक. खालच्या गल्लीतली घरं शाळेतल्या काळजी केंद्रात आहेत. सरकारी कन्नडमध्येही तोच शब्द, तेवढं एक बरं, नाव दोन्ही भाषांतल्या लोकांना कळतं. कर्नाटकी बेंदूर झाला, पलीकडचा, महाराष्ट्रातला बेंदूरही पावसातच झाला. बैल धुवायला नदीवर नेता आले नाहीत, सगळ्यांनी बोअरच्या पाण्यावर भागवलं. कुंभाराकडं गणपती फळ्यांवर माळ्यावर चढवलेत. शाडूचे वाळत नाहीत. बल्ब लावावा तर एका अंगानं वाळून सोंडेपाशी तडा जातो, म्हणून तो दर दोन तासांनी मूर्ती फिरवतोय आणि तड्यात पातळ शाडू भरतोय. आपली बैठी मूर्ती, हातभर उंचीची, सांगून ठेवलीय.

निघायचं कधी ते असं ठरवू : राजापूरचा आकडा सलग तीन दिवस उतरला पाहिजे, केंदाळ खालच्या दिशेला चाललं पाहिजे, आणि भिंत हाताला कोरडी लागली पाहिजे. मग येताना इचलकरंजी-बोरगावची वाट धरू नका, दूधगंगेचा पूल मध्ये येतो. हायवेनं निपाणी, तिथून चिकोडी करून सदलगा. हायवेही यमगर्णीजवळ वेदगंगेच्या पाण्यानं २०१९ आणि २०२१ ला बंद पडला होता, तेव्हा कोल्हापूर सोडण्याआधी मला एक फोन करा.

आप्पांच्या डोळ्यात थेंब घालायचे चुकवू नका, आणि पाच दिवसांनी दाखवायला न्यायचंय ते ताईला आठवण करा.

तुमचा,
बाळू

ता. क. : आई, ताई तुझ्या आधारवर पुण्याचा पत्ता घालूया म्हणतेय, तो घालू देऊ नकोस. कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं बसचं फुकट तिकीट इथल्या पत्त्यावरच मिळतं. लोणच्याच्या दोन्ही बरण्या माळ्यावर आहेत, दादरे कोरडे बांधलेत. लहान बरणीत खार कमी वाटला, तेल अजून घातलेलं नाही. किती घालू?