पडलेलं नाटक आणि त्यातली पोरं

नौपाडा, ठाणे

प्रिय दिल्या,

तुझा मेसेज वाचला. त्याला अंगठ्यांनी उत्तर देणं काही जमेना, म्हणून सरळ कागद घेतला.

मनूचं संगीत नाटक बंद पडलं हे कळलं होतंच. ती परवा आली होती, चहा न घेता गेली. निर्मात्याने पुढच्या तारखा सोडून दिल्या म्हणे. तू लिहितोस, पोरीचं वर्ष वाया गेलं. तिथेच मला तुझ्याशी भांडायचंय.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या बड्या नाट्यगृहांच्या पट्ट्यात, ‘मेरिली वी रोल अलाँग’ हे संगीत नाटक आलं. संगीत स्टीफन सॉन्डहाइमचं, दिग्दर्शन हॅल प्रिन्सचं. या जोडीचं नाव तेव्हा असं की पाटी लागली की बुकिंगला रांग. १६ नोव्हेंबरला शुभारंभ झाला आणि २८ला गाशा गुंडाळला. प्रयोग फक्त सोळा!

गोष्ट तीन मित्रांची, पण उलटी सांगितलेली: चाळिशीतल्या निबर, एकमेकांना दुरावलेल्या माणसांपासून मागे मागे त्यांच्या कोवळ्या वयापर्यंत. आणि प्रिन्सने घेतली सगळी विशीच्या आगेमागची पोरं. आपल्या गॅदरिंगमध्ये मिशी चिकटवून आजोबा व्हायचे ना, तसं झालं. कोण कोणाचा कोण, प्रेक्षकांना पत्ता लागेना. मग भारी कपडे रद्द करून प्रत्येकाला स्वेटशर्ट दिला, कोणाच्या छातीवर नाव, कोणाच्या नातं. प्रीव्ह्यू, म्हणजे शुभारंभाआधीचे प्रयोग, चालू असताना नायक बदलला, नृत्यदिग्दर्शकही बदलला. इतकी डागडुजी झाल्यावर लोक कंटाळले तर नवल काय? माझं ऐकशील तर चूक थोरांची होती. पोरं सांगितलं तसं नाचली.

आता या पोरांचं पुढे काय झालं ते ऐक. जेसन अलेक्झांडर, तुझ्या लाडक्या ‘साइनफेल्ड’मधला जॉर्ज, याच नाटकात होता. ‘ब्रेकिंग बॅड’मधला थंड डोक्याचा गस, म्हणजे जियानकार्लो एस्पोसिटो, तोही. टोन्या पिंकिन्सला १९९२ साली टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार, मिळाला. लॉनी प्राइस गीतकार मित्राच्या भूमिकेत होता, तो पुढे दिग्दर्शक झाला आणि या सगळ्या फजितीवर त्यानेच २०१६ साली माहितीपट काढला. एक मुलगी पत्रकार झाली. सगळेच काही चमकले नाहीत, हे मनूपासून लपवू नकोस. काहींनी रंगमंचाचा नाद सोडला. त्या माहितीपटात पन्नाशीतली ही माणसं त्या वेळचं बोलायला लागली की चेहरे बघ. जे वय तेव्हा त्यांना जमलं नव्हतं, ते आता मेकअपशिवाय अंगावर आलेलं.

सर्वात जास्त हादरले ते थोरच. सॉन्डहाइम आणि प्रिन्स यांनी त्यानंतर वीसेक वर्षं एकत्र नवं नाटक केलं नाही. (आपल्याकडे दोन प्रयोगांनंतर तोंडं फिरवणारे कमी आहेत का, ते सोड.)

पण नाटक बंद होताच त्यांनी एक काम केलं. पांगायच्या आत सगळ्या पोरांना स्टुडिओत नेऊन गाणी रेकॉर्ड केली. नाटक ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनी ती तबकडी ऐकली, गाणी पाठ केली, मग कोणी कोणी पुन्हा नाटकाला हात घातला. २०२३ साली ते ब्रॉडवेवर परत आलं, हॅरी पॉटरवाला डॅनियल रॅडक्लिफ त्यात होता, आणि पुढच्या वर्षी उत्तम पुनरुज्जीवनाचा टोनी घेऊन गेलं. संहितेत पुढे बरेच बदल झाले हे खरं, पण ती तबकडी नसती तर कोणाला आठवण राहिली असती?

म्हणून तुला विचारतो, मनूच्या नाटकातली पदं कुठे रेकॉर्ड झालीत का? ती दुसऱ्या अंकातली भैरवी मी गडकरीला विंगेतून ऐकली होती. तबला जरा पुढे पळत होता, पण पोरीचा सूर हलला नाही. हे मोबाइलवर कोणीतरी घेतलं असेल वगैरे चालणार नाही. पोरं अजून एकमेकांशी बोलताहेत तोवर उरकायला हवं. पेटीवाला मी बघतो, स्टुडिओचं भाडं आपण दोघं मिळून भरू. निर्मात्याची परवानगी लागेल, ती तू काढ. गोड बोलणं तुझ्याकडे आहे. आणि मनूला सांग, काकाकडचा चहा अजून बाकी आहे.

तुझा,
बंड्या