गाडी येणार नाही, मी गणेश चवथीला येतेय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं तर आई रडेल आणि मग मीही, म्हणून लिहितेय. आमची टीम बनवत होती ती छोटी गाडी आता बाजारात येणार नाही. प्रोजेक्ट बंद केला, प्रोटोटाइप शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. आणि गोव्यातल्या वेर्ण्याच्या फार्मा कंपनीतली नोकरी मी नाही म्हणून कळवलं, कालच. बाबा, तुम्ही त्यासाठी कुणाकुणाकडे शब्द टाकलात ते मला माहितीये, तुमचा शब्द खाली पडला याचं फार वाईट वाटतंय. पण रागावू नका हं.

पुण्यातच दुसरी टीम आहे, तीही छोटीच गाडी करतेय. पगार कमी आहे पण भाडं भागतं, डबा घरगुती आहे, गिझर दुरुस्त झाला, आई तू दिलेलं कोकम अजून उरलंय.

बाबा, मीरा या गाडीची गोष्ट मला तुम्हीच सांगितलीत ना. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी, शिक्षण सातवीपर्यंत, 1949 ला दोन सीटची पहिली गाडी बनवली आणि पुढे पंचवीसेक वर्षं ती सुधारतच राहिले, इंजिन मागे, स्प्रिंगऐवजी रबराचं सस्पेन्शन, किंमत 12,000 च्या आसपास ठेवायची होती. परवानग्यांच्या फेऱ्यात ती कारखान्यापर्यंत पोचलीच नाही, आणि 1983 ला मारुती 800 आली. आमच्या गाडीतही मागच्या चाकाच्या रबरी बुशने, म्हणजे जोडात बसवलेल्या रबराने, तीन महिने खाल्ले. खड्ड्यात गेली की टक्क. रबर जरा कडक घेतलं आणि आवाज गेला, तेव्हा पहिली तुमची आठवण आली. हे सगळं आता माझ्या हातात बसलंय, फार्मात मेंटेनन्सला गेले तर ते कुठे वापरू सांगा?

फर्मागुडीच्या चढावर भर पावसात वायपर बंद पडलेला आठवतो? तुम्ही काचेवर कापलेला बटाटा घासलात, मी मागे आईच्या पदरात गुंडाळलेली. मला अजून त्या गाडीचा वास येतो.

आता ऐका. बीपीची गोळी सकाळीच, जेवणानंतर बघू असं नाही. अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. आई, गुडघ्याला तेल नुसतं लावू नकोस, डॉक्टरांना दाखव, पैसे पाठवलेत. आणि गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, मी तीन दिवस आधी येतेय, मीच बांधणार.

तुमची,
बाय