३५,४०० ची पावती

संपादक महोदय,

परदेशातून देशात येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळपेक्षाही जास्त, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत आहे. अर्थात त्यात अमेरिकेतल्या संगणकवाल्यांचे डॉलर मोठे. पण आखातात पाइप जोडणाऱ्यांचेही आहेत. मीही त्यातलाच. १९९३ ते ९८ सौदीत, जुबेलला फिटर होतो. जाताना आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि पहिल्या सात पगारांत फक्त त्या सुटल्या. संगमेश्वरकडचं चिऱ्याचं घर उभं राहिलं ते त्यानंतर.

यंदा मार्चमध्ये पुतण्या अबुधाबीला गेला. एजंटाच्या ऑफिसात मी सोबत होतो. ट्रेड टेस्ट झाली, पावती मिळाली ३५,४०० ची: तीस हजार फी, वर १८ टक्के जीएसटी. एजंटाला कायद्याने घेता येतात ते एवढेच. उरलेले ८५ हजार त्याच टेबलावर रोख. नोटा मोजायला मशीन होतं. पावती मागितली तर पोरगा उद्या जाणार की नाही, असा प्रश्न आला. मी गप्प बसलो, खोटं कशाला बोलू? अमिरातीच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच मनाई आहे, हे मला नंतर कळलं.

गंमत अशी, की पोरगा दहावी पास, आयटीआय झालेला. म्हणून त्याच्या पासपोर्टला 'ईसीआर', म्हणजे कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असा शेरा, लागत नाही. मग इमिग्रेशनची मंजुरी नको, परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीच्या दहा लाखांच्या सरकारी विम्याची सक्ती नाही. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तोही कुणी काढून दिला नाही. नापास झाला असता तर निदान सरकारी कागदावर तरी आला असता! परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या १९८३ च्या कायद्याखाली शिक्षण पाहून संरक्षण ठरतं. पण साइटवर उन्हात दहावी पास आणि नापास शेजारीशेजारीच उभे असतात.

दक्षिण कोरिया २००४ पासून परदेशी कामगारांची सरकार-ते-सरकार भरती करतो. नेपाळची पोरं परीक्षा देऊन जातात, मध्ये एजंट नाही. आपण आखातासाठी तसं करेपर्यंत निदान एवढं व्हावं: करारावर जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची, पासपोर्ट कुठलाही असो, मंजुरी घ्यावी आणि त्या वेळी एजंटासमोर नाही, एकट्याला विचारावं, किती दिले?

पुतण्याने गेल्या महिन्यात पंधरा हजार पाठवले. सगळे पतपेढीच्या हप्त्यात गेले.

– एक निवृत्त पाइप फिटर, भांडुप, मुंबई