ब्रेल पाटीला हात न लावता आम्ही ‘प्रशिक्षित’ झालो: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते. नोकरीला अठरा वर्षे झाली. वर्गात सत्तावीस मुलं आहेत. त्यातली एक मुलगी जन्मापासून पूर्ण अंध आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिच्या आईला ते नको आहे.

गेल्या शुक्रवारी तालुक्याला अंध मुलांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. जूनमध्ये सांगितलं होतं, पाच दिवसांचं आहे, ब्रेल हातात देऊन शिकवणार. दिवाळीनंतर कळलं, तीन दिवसांचं आहे. झालं तेव्हा साडेतीन तासांचं झालं, आणि त्यातला पाऊण तास स्वागतात व मनोगतात गेला. आम्ही साठ शिक्षक एका हॉलमध्ये बसलो आणि समोरच्या पडद्यावर सहा ठिपक्यांची चित्रं बघितली. जी लिपी बोटांनी वाचायची, ती आम्हाला डोळ्यांनी दाखवली. एकाच्याही हातात पाटी नव्हती, टोचणी नव्हती, जाड कागद नव्हता. मी उठून विचारलं, तर उत्तर मिळालं, “मॅडम, वेळ कमी आहे, पुढे जाऊ.” शेवटी मोबाइलवर दहा प्रश्नांची चाचणी झाली. तिची उत्तरं ग्रुपवर आधीच आली होती. संध्याकाळी सगळ्यांची प्रमाणपत्रं आली. आता कागदोपत्री मी दृष्टिबाधित मुलांना शिकवण्यासाठी प्रशिक्षित आहे.

साहेब, घरी येताना एसटीत मला रडू आलं. का ते सांगते.

ही मुलगी माझ्याकडे पहिलीत आली, तेव्हा मला ब्रेलचं एक अक्षर येत नव्हतं. डी.एड.ला दोन वर्षं शिकले, त्यात ब्रेल पाटी कधी दिसली नाही. शाळेत एक संच आला होता: पाटी, टोचणी, गणिताची टेलर फ्रेम. मुख्याध्यापकांनी सही करून तो कपाटात ठेवला, कारण तो कसा वापरायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. मीच तो बाहेर काढला. मोबाइलवर बघून बघून शिकले आणि तिला शिकवायला लागले.

आणि चूक शिकवलं. पाटीवर ब्रेल टोचताना उजवीकडून डावीकडे जायचं असतं, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात आणि कागद उलटून वाचायचा असतो. एवढं मला कळलं होतं. पण त्यासाठी प्रत्येक अक्षराचे ठिपकेही आरशातल्यासारखे उलटे टोचावे लागतात, हे मला कळलं नव्हतं. ब्रेलच्या घरात डावीकडे वरून खाली १, २, ३ हे ठिपके असतात आणि उजवीकडे ४, ५, ६. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, ‘ए’चे ठिपके १ आणि ५, त्याचं आरशातलं रूप २ आणि ४, म्हणजे ‘इ’. ‘क’चे १ आणि ३, ते उलटले की ४ आणि ६, म्हणजे ‘ख’. पाच आठवडे ते लेकरू माझ्यावर विश्वास ठेवून ‘एक’ म्हणून ‘इख’ लिहीत होतं. रोज पान भरत होतं. बोटांच्या टोकाला टोचणीचा घट्टा पडला होता.

सोलापुरात एक निवृत्त अंध शिक्षक आहेत. त्यांच्याकडे तिची वही घेऊन गेले. त्यांनी एका ओळीवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, “बाई, हे सगळं उलटं आहे हो.” त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही. पाच आठवडे शिकलेलं तिला विसरायला लावणं, हे मला शिकवण्यापेक्षा जड गेलं. मग सात महिने दर रविवारी एसटीने त्यांच्याकडे जात राहिले. तिकीट माझं, रविवार माझा, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. कुणाकडे बिल मागितलं नाही. त्या काळात गावात लोक म्हणायचे, बाईंना शिकवणी लागली. लागली होतीच.

आज ती ब्रेल वाचते. चौथीला शिवरायांचा इतिहास असतो. दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला केला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी तटबंदी, दरवाजा, माची चाचपली आणि विचारलं, “बाई, शत्रू कुठून आला असेल?” वर्गातल्या डोळस मुलांना हा प्रश्न पडला नव्हता. भीमा नदी तिला मी नकाशावर सुतळी चिकटवून शिकवली, उजनी धरण साबुदाण्याचं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं गेलं नाही.

कायदा तर आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चा. त्याच्या कलम १७ मध्ये शिक्षकांना प्रशिक्षण द्या, ब्रेल जाणणारे शिक्षक नेमा, असं स्पष्ट लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. राज्य शासनाने २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक अशी विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. कागदावर हे चांगलं दिसतं. आमच्याकडे विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येतात. सरळ माणूस आहे, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेला. पण त्यांची पदविका कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाची. ते मला म्हणाले, “ताई, मला खुणांची भाषा येते, ब्रेल येत नाही.” कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि शासनाला वाटतं एक माणूस ते एकविसाव्या प्रकारापर्यंत सगळे शिकवेल. अंध मुलाला कानाचा तज्ज्ञ द्यायचा आणि पद भरलं म्हणायचं, याला मी फसवणूक म्हणते. त्या माणसाचीही आणि मुलाचीही.

मागणं फार नाही. ज्या शिक्षकाच्या वर्गात अंध मूल आहे, त्याला निदान पंधरा दिवस निवासी शिकवा, पाटी हातात देऊन. शिकवायला अंध शिक्षक बोलवा, राज्यात ते आहेत. मुंबईत अंधशाळा १९०० पासून आहे, पुण्यात १९३४ पासून. एवढ्या वर्षांचं ज्ञान त्या भिंतींच्या आत राहिलं आणि गावच्या शाळेपर्यंत आलं नाही. मूल पांढऱ्या काठीने वर्गातून नळापर्यंत एकटं कसं जाईल, तेही आम्हाला दाखवा. अंशतः दिसणाऱ्या मुलाला कुठे बसवायचं, अक्षर किती मोठं काढायचं, हेही. आणि त्या पंधरा दिवसांत माझ्या बाकीच्या सव्वीस मुलांपुढे कुणीतरी उभं करा.

पण हे होणार कसं? आम्ही शिक्षक आहोत हेच कुणाच्या लक्षात नाही. मतदार याद्या आम्ही करायच्या, पोषण आहाराचे तांदूळ आम्ही मोजायचे, मुलांची माहिती तीन-तीन ठिकाणी आम्ही भरायची. वरून फोन येतो तो आकड्यासाठी: किती झाले, किती टक्के, संध्याकाळपर्यंत पाठवा. साठपैकी साठ शिक्षक प्रशिक्षित, असा आकडा शुक्रवारी वर गेला असेल. त्या साठांपैकी मुलीच्या वहीवरून बोट फिरवून तिची चूक सांगू शकतील असे किती, हे विचारणारा रकाना त्या फॉर्मवर नाही. हे पत्र लिहू नका, नोटीस येईल, असं मला तिघांनी सांगितलं. आली तर घेईन.

आमची शाळा चौथीपर्यंत आहे. जूनमध्ये ती पाचवीला चार किलोमीटरवरच्या शाळेत जाईल. तिथल्या सरांचा रविवारी फोन आला होता. शुक्रवारी तेही हॉलमध्ये माझ्या मागच्याच रांगेत होते, प्रमाणपत्र त्यांनाही मिळालं आहे. विचारत होते, “मॅडम, ती पाटी धरायची कशी, एवढं तरी दाखवाल का?” येत्या रविवारी ते माझ्या घरी येणार आहेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सोलापूर जिल्हा