परसबागेची पेरणी तारखेवर नको, मातीच्या उबेवर हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दरवर्षी या सुमारास उन्हाळी भाजीपाल्याच्या लागवडीची यादी प्रसिद्ध होते आणि ती कापून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवणाऱ्या कितीतरी गृहिणी माझ्या परिचयाच्या आहेत. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारले आणि दुधी लावावेत, असा त्या यादीचा साधारण आशय असतो. सर्वसाधारण वर्षासाठी तो सल्ला चुकीचा नाही. परंतु यंदा माघ सरत आला तरी पहाटेचा गारठा हटलेला नाही, दुपारी मात्र डोक्यावर पदर घ्यावा लागतो, आणि मध्येच दोन दिवस आभाळ भरून येते. अशा वर्षी ती यादी शब्दशः पाळणाऱ्या घरांत बियाणे मातीतच कुजते, आणि ‘आमच्या जागेत काही येतच नाही’ असा समज करून घेऊन माणसे परसबागच सोडून देतात. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

थंडी महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात, आणि ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असेही म्हणतात. या दोन सणांमध्ये पंधरवड्याचे अंतर आहे. थंडी जाण्याचा एकच एक दिवस आपल्या आजी-पणज्यांनी ठरवून टाकला नव्हता, हे मला फार शहाणपणाचे वाटते. छापील यादीत तेवढी सवड उरत नाही.

मराठवाड्यातील बहुतेक परसबागा काळ्या, भारी मातीत आहेत. ही माती पाणी धरून ठेवते, आणि ओली माती तापायला कोरड्या मातीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते. त्यामुळे दुपारचे ऊन कडक असले तरी ओल्या वाफ्यात दोन इंचांखाली गारवा टिकून राहतो. परभणीत तर हिवाळ्यात किमान तापमान एक आकडी होणे नवीन नाही. सकाळी आठच्या सुमारास वाफ्यात बोट खुपसून पाहिले तर वरची कोरडी पापडी आणि खालचा गारठा यांतला फरक लगेच कळतो. भेंडीच्या बियांना आणि वेलवर्गीय भाज्यांना उगवण्यासाठी मातीत साधारण १८ अंश सेल्सिअसच्या वर ऊब लागते, आणि २५ ते ३० अंशांत त्या झपाट्याने उगवतात. उबदार मातीत चार-सहा दिवसांत वर येणारी भेंडी थंड मातीत दोन आठवडे पडून राहते, आणि तोवर ओलाव्यातील बुरशी तिचा ताबा घेते. ज्यांना बोटाचा अंदाज पुरेसा वाटत नाही, त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा साधा तापमापक सकाळी मातीत दोन इंच खोल पाच मिनिटे धरून ठेवावा. घरातील तापाच्या तापमापकाचा येथे उपयोग नाही, कारण त्याची मोजणीच ३५ अंशांपासून सुरू होते.

मग गारठा असेपर्यंत हात बांधून बसायचे का? मुळीच नाही. मेथी, पालक, शेपू, चुका, मुळा आणि कोथिंबीर यांना हाच गारवा मानवतो. मेथी तर थंडीतही आठवड्याच्या आत मातीतून डोके काढते. धने हलक्या हाताने रगडून त्यांची दोन शकले केली आणि रात्रभर भिजवून पेरली, तर ते आठ-दहा दिवसांत उगवतात. कोथिंबिरीला उलट उन्हाची भीती असते, कारण ऊन वाढले की ती पाने सोडून दांड्यावर येते. तेव्हा परसबाग नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला वाफा पालेभाज्यांचा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्याभरात एक जुडी तरी हाती येते आणि हुरूप टिकतो. गवार, चवळी, तांदुळजा आणि अंबाडी यांनी मात्र थांबलेले बरे, त्या उन्हाच्याच भाज्या आहेत.

वेलांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण नुकसान सर्वांत जास्त तेथेच होते. आमच्या शेजारच्या एक वयस्कर काकू कारल्याचे बी थेट आळ्यात कधीच टोकत नाहीत. बियांचे कवच जाड असते, म्हणून त्या नखकातरीने बियांच्या टोकाचा किंचितसा भाग कापतात, बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवतात, आणि नंतर सुती फडक्यात गुंडाळून ते ओलसर फडके संध्याकाळचा स्वयंपाक आटोपल्यावर, विस्तव निवलेल्या चुलीच्या वैलाशेजारी ठेवतात. फडके सुकू द्यायचे नाही आणि त्याला चटका बसू द्यायचा नाही, एवढेच पथ्य असते. तीन-चार दिवसांत फडके उलगडले की काही बियांना तांदळाच्या कणीएवढा पांढरा मोड आलेला दिसतो. तेवढ्याच बिया त्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत, तळाला भोके पाडून, निम्मी माती आणि निम्मे कुजलेले शेणखत भरून लावतात. दिवसा पिशव्या अंगणातल्या उन्हात असतात आणि रात्री पडवीत येतात. रोपाला तीन-चार खरी पाने फुटेपर्यंत बाहेरचा गारठा ओसरलेला असतो, मग मातीचा गोळा न फोडता रोप आळ्यात बसवायचे. वेलवर्गीय रोपांची मुळे फार नाजूक असतात, वाफ्यातून उपटून दुसरीकडे लावलेले दोडक्याचे रोप बहुधा मान टाकते, म्हणून पिशवीच हवी. ज्यांच्या घरी चूल नाही त्यांनी फडके धान्याच्या कोठीवर किंवा स्वयंपाकघरातील उबदार कोपऱ्यात ठेवावे.

पाण्याबद्दल एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. थंडीची लाट आली की ‘पिकांना सायंकाळी हलके पाणी द्यावे’ असा सल्ला कृषी विभागाकडून येतो, आणि तो उभ्या पिकांसाठी व फळबागांसाठी योग्यच आहे, कारण दिवसभर तापलेली ओली जमीन रात्री हळूहळू ऊब सोडते आणि वाढलेल्या झाडाला गारठ्याचा तडाखा कमी बसतो. हाच सल्ला नुकत्याच टोकलेल्या वाफ्याला लावला तर मात्र घात होतो. अजून न उगवलेले बी रात्रभर गार चिखलात राहते, आणि जे उगवले असेल ते मातीलगत काळे पडून कोलमडते. रोपवाफ्याला गारठ्याच्या दिवसांत सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन चढल्यावर, झारीने बेताचे पाणी द्यावे. वाफा जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे गादीवाफा करावा, म्हणजे जादा पाणी निथळते आणि माती लवकर तापते. पेरणीपूर्वी बियांना ट्रायकोडर्मा, म्हणजे बी कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी, चोळावे, कृषी सेवा केंद्रात त्याची लहान पुडी मिळते. ऊन तापू लागले की पाण्याची वेळ पुन्हा पहाटेवर किंवा सायंकाळवर आणावी.

पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न ज्या प्रदेशाने २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलेले पाहिले आहे त्याला कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. भाज्या, डाळी आणि तांदूळ धुतलेले पाणी कोणत्याही वाफ्याला चालते. नहाणीचे आणि विशेषतः कपड्यांचे साबणमिश्रित पाणी मात्र पालेभाज्यांना देऊ नये. त्यातील सोड्याने काळी माती चोपण होते, तिच्यात हवा आणि पाणी नीट खेळत नाही. रोपे उगवून आल्यावर वाफ्यावर उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचा भुसा पसरावा, पण गारठा गेल्यानंतरच. आधी पसरला तर त्या आच्छादनाखाली मातीला ऊन लागत नाही.

या ऋतूचे दुसरे संकट गारपिटीचे. उत्तरेकडून येणारे थंड, कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे यांची गाठ मध्य भारतावर पडली की फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे विजा, वादळ आणि गारा येतात. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याने जे सोसले, ते ज्यांनी आडवी झालेली ज्वारी आणि झोडपलेला गहू पाहिला त्यांच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. त्या शेतांच्या नुकसानीपुढे परसातील दोन वाफ्यांची कथा ती काय, असे कोणी म्हणेल. पण शेताच्या नुकसानीचा निदान पंचनामा होतो, परसबागेचा पंचनामा कोणी करत नाही, आणि भूमिहीन कुटुंबाच्या घरी उन्हाळ्यात शिजणारी ताजी भाजी अनेकदा त्या दोन वाफ्यांतूनच येते. म्हणून तेथे आधीपासूनच तजवीज हवी. या दिवसांत तुरीची काढणी झालेली असते आणि तुराट्या घरोघरी पडलेल्या असतात. त्यांचा कमरेइतका मांडव, एक बाजू उंच आणि एक बाजू उतरती असा करावा, आणि इशारा आला की त्यावर जुनी सुती साडी अंथरून कडा सुतळीने बांधाव्यात. साडी सपाट ताणून बांधली तर गारा साचून ती फाटते किंवा मांडव बसतो, उतार असला तर गारा घरंगळून जातात. हाच मांडव एप्रिलमध्ये रोपांना सावली देतो आणि पुढे त्यावर वेल चढवता येतात.

आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिले की चवळीच्या शेंड्यांवर आणि भेंडीच्या पानांच्या मागे मावा ही रस शोषणारी कीड दिसू लागते. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावा. घरच्या भाजीला एवढे पुरते.

थांबण्यालाही मर्यादा आहे, हे मला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये पारा चाळीसपर्यंत जातो, त्या उन्हात फुले गळतात आणि तोवर बोअरचे पाणीही आटलेले असते. गारठा आणि कडक ऊन यांच्यामध्ये आपल्याला मिळणारा काळ अगदी थोडा असतो. म्हणूनच सगळे बी एकाच दिवशी मातीत न घालता आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत लावावे, आणि वेलांची रोपे पिशवीत आधीच तयार ठेवावीत. भेंडीसाठी परभणीच्याच कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘परभणी क्रांती’ हे वाण आजही विचारात घ्यावे. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठीच ते तयार झाले. संकरित नसल्याने त्याचे बी घरी धरता येते, ही परसबागेच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे.

बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्तीचा टक्का छापलेला असतो, भेंडीसाठी तो किमान ६५ असावा लागतो. हा टक्का प्रयोगशाळेत, बियांना अनुकूल अशा उबेत मोजलेला असतो, याची कल्पना फार थोड्या खरेदीदारांना असते. गार वाफ्यात तो टक्का लागू पडत नाही, मग दोष दुकानदाराला दिला जातो किंवा स्वतःच्या हाताला. पाकिटांवर महिन्याच्या नावाबरोबर ‘सकाळी मातीचे तापमान इतके अंश झाल्यावर पेरावे’ अशी एक ओळ बियाणे कंपन्यांनी आणि शासकीय योजनांतून पाकिटे वाटणाऱ्या यंत्रणांनी छापावी, अशी माझी मागणी आहे. महिला बचत गटांना मिळणाऱ्या संचात पालेभाज्या आणि वेलभाज्या एकत्र येतात, आणि उत्साहाच्या भरात सगळे एकाच दिवशी पेरले जाते. त्या संचाची ‘गारठ्यात पेरा’ आणि ‘गारठा गेल्यावर पेरा’ अशी दोन वेगळी पुडकी केली, तरी पुष्कळ बियाणे वाचेल.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामानावर आधारित कृषी सल्ला प्रसिद्ध होतो. तो बहुतांशी शेतातील पिकांसाठी आणि फळबागांसाठी असतो, आणि बातमीत त्याचा जो अंश येतो त्यात परसबागेला जागा मिळत नाही. माघ आणि फाल्गुन या दोन महिन्यांत तरी आपण आठही जिल्ह्यांच्या किमान तापमानाशेजारी ‘या आठवड्यात परसबागेत काय पेरावे, काय थांबवावे’ अशी चार ओळींची चौकट द्यावी, आणि गारपिटीचा इशारा असेल तर तो त्याच चौकटीत ठळक अक्षरांत द्यावा. विद्यापीठातील उद्यानविद्या विभागाच्या तज्ज्ञांनी ती चौकट तपासून दिली तर तिच्यावर लोकांचा विश्वास बसेल.

शाळांच्या परसबागांबद्दल एवढेच सांगते की, मार्चमध्ये मुले परीक्षांच्या तयारीत असतात आणि मे महिन्यात शाळा बंद असते. तेथे या दिवसांत वेलभाज्यांचा अट्टहास नको. मेथी, पालक आणि कोथिंबीर यांचे छोटे वाफे लावले तर सुट्टी लागण्यापूर्वी ती भाजी मुलांच्या पोषण आहारात शिजू शकते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सेलू, जि. परभणी