वळचणीचा बर्फ

मिनियापोलिस,
१४ जानेवारी २०२४

प्रिय सुहास,

यंदा शाकारणीला माणूसच मिळत नाही म्हणून कौलं उतरवून पत्रा घालणार म्हणतोस. मेपर्यंत थांब, बाबा. तोवर माझ्या छपराची कथा ऐक.

आपल्याकडे गळायला लागलं की आपण वर बघतो. कौल कुठं सरकलं, माकडं कुठून गेली. माझं छप्पर मात्र गळलं ते खालच्या घरामुळे.

गेल्या जानेवारीत तीन दिवसांत फुटाहून जास्त बर्फ पडला. पन्हळीला हात-हातभर पागोळ्या गोठून लटकल्या. मी फोटो पाठवले होते, तू ‘झुंबर’ म्हणालास! शेजारच्या आजोबांनी त्याच पागोळ्या बघून विचारलं, “तुझ्या माळ्यावर किती गरम होतं रे?” मला वाटलं, म्हातारा भरकटला. आठवड्याने खिडकीच्या चौकटीतून पाणी ठिबकायला लागलं.

होतं असं. घरातली ऊब फटींतून माळ्यावर चढते आणि छपराच्या फळ्या आतून तापतात. बर्फाचा तळचा थर वितळतो, पाणी उतरत वळचणीला येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली घर नाही, म्हणून ती गारठलेली. पाणी तिथे गोठतं आणि बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला तुंबतं. इथल्या शिंगल्स कौलांसारख्याच एकीवर एक बसवलेल्या. वरून उतरणारं पाणी त्या झेलतात, उलटं चढणारं नाही.

मी शहाणा, हातोडा घेऊन शिडीवर चढलो. गारठ्यात शिंगल्स बिस्किटासारख्या होतात. दोन फोडल्या, मग तुझ्या वहिनीने खालून जो आवाज दिला, तो तुला तिकडेही ऐकू आला असेल. शेवटी वाफेने बर्फ कापणारी माणसं बोलावली. ती तासावर पैसे घेतात. मीठ टाकू नकोस, असंही आजोबांनी बजावलं, कारण त्याने शिंगल्स आणि खालची झाडं दोन्ही खराब होतात.

उन्हाळ्यात माळ्यावर गुडघ्यांवर रांगलो तेव्हा खरा चोर सापडला. न्हाणीघराच्या पंख्याची नळी बाहेर न नेता माळ्यातच सोडलेली! आंघोळीची सगळी वाफ आढ्याखाली. शिवाय दिव्यांची भोकं, चढायच्या झडपेच्या कडा. नळी बाहेर काढली आणि फटी फोमने बुजवल्या. मगच सेल्युलोज, म्हणजे कागदाचा भुगा, चौदा इंचांच्या वर भरून घेतला. हा क्रम महत्त्वाचा. फटी तशाच ठेवून नुसता भुगा ओतला तर ऊब त्यातूनही वाट काढते. वळचणीखालच्या जाळ्या मोकळ्या ठेवल्या, म्हणजे बाहेरची गार हवा तिथून शिरून आढ्याच्या झरोक्यातून निघते. छप्पर गारच राहिलं पाहिजे, हे पटायला मला, कोकणातल्या माणसाला, वर्ष लागलं.

यंदा अजून म्हणावा तसा बर्फच नाही, त्यामुळे परीक्षा व्हायची आहे. आज पारा शून्याच्या बराच खाली आहे, पण पन्हळ कोरडी. लांब दांड्याचं फावडं आणून ठेवलंय. बर्फ पडला की जमिनीवर उभं राहूनच खालचे तीन-चार फूट ओढून काढायचे. शिडी वहिनीने कुलुपात ठेवलीय.

मेमध्ये येतोय. कौलं परतायला मला वर चढू दे, वासे किती कुजलेत ते बघू आणि मग पत्र्याचं ठरव. काकूंना नमस्कार.

तुझा,
विनू